शालेय इतिहास आणि पुराव्याची पारख

शाळेंत इतिहास कशासाठीं शिकवावयाचा, या प्रश्नाचीं दोन उत्तरें ठरलेलीं आहेत: पूर्वजांचा अभिमान वाटावा म्हणून, आणि माहिती असावी म्हणून. दोन्हीं अपुरीं आहेत. अभिमान पोवाड्यानेंहि उत्पन्न होतो व माहिती कोशांतहि सांपडते. इतिहासाच्या अभ्यासानेंच जी येते, ती पुराव्याची पारख होय.

इ. स. २०१८ सालीं आलेल्या इयत्ता दहावीच्या पाठ्यपुस्तकानें ही गोष्ट ओळखली, हें त्याचें श्रेय. राजांची यादी बाजूस ठेवून त्यानें इतिहासलेखन, उपयोजित इतिहास व ऐतिहासिक ठेव्यांचें जतन यांस प्रकरणें दिलीं. परंतु पद्धतीविषयींची माहिती म्हणजे पद्धत नव्हे. ४० गुणांच्या परीक्षेंत जोड्या, टीपा, कारणें यांचाच भरणा. उतारा दिला तरी उत्तर त्याच उताऱ्यांत असतें. एका लेखाशीं दुसरा ताडून पाहण्याचा प्रसंग विद्यार्थ्यावर येत नाहीं.

ग्रँट डफाचेंच उदाहरण घ्यावें. साताऱ्यास इ. स. १८१८ ते १८२२ पर्यंत कारभार पाहून त्यानें १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याचें मराठी भाषांतर शाळांतून चाललें. पुढें नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं विद्यार्थिदशेंतच त्या ग्रंथाची कठोर तपासणी केली. ‘कीर्तने यांनीं चुका दाखविल्या’ एवढें वाक्य आजचा विद्यार्थी पाठ करूं शकेल; पण चूक कशी दाखवावी, हें त्यास कोण शिकवणार?

साधन दूर नाहीं. मिरजेच्या हायस्कुलांत शिकवितां शिकवितां वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तरांतून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड सिद्ध केले. ११ मार्च १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईंत सेनापति होते तासगांवचे परशुरामभाऊ पटवर्धन. म्हणजे हा प्रसंग सांगली जिल्ह्याच्या घरचाच आहे. त्या मोहिमेचें एक छापील पत्र वर्गांत द्यावें. त्यावर ‘खमस तिसैन मया व अलफ’ असें असेल, तर मुलांनीं पांच, नव्वद, शंभर व हजार मिळवून ११९५ सुहूर काढावें; त्यांत ५९९ मिळवून १७९४ चा मृगारंभ व तेथून १७९५ चा मार्च गांठावा. मग विचारावें: हें पत्र कोणीं, कोणास, कोणत्या हेतूनें लिहिलें? लिहिणारा स्वतः लढाईंत होता काय? एवढें केल्यास दोन तासिका जातील. पण बखरींतील वाक्य व पत्रांतील वाक्य यांचें वजन सारखें नसतें, हें जन्मभर लक्षांत राहील.

मोडी येत नाहीं, ही अडचण खरी. ती लिपि विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून गेली. तथापि आरंभास बाळबोध नक्कल पुरते.

यांत संग्राहकांचाहि स्वार्थ आहे. वाई, सातारा, मिरज येथील माळ्यांवर जीं रुमालें राहिलीं असतील, त्यांचे उद्यांचे वारस आज दहावींत बसलेले आहेत. जुनें पत्र हातीं घेऊन ज्यानें एकदांहि तारीख लावली नाहीं, त्यास तो कागद रद्दीच वाटणार, आणि त्याबद्दल त्यास दोष देतां येणार नाहीं. संग्राहकांनीं आपल्या संग्रहांतील एका पत्राची छायाप्रत, बाळबोध नकलेसह, जवळच्या शाळेस द्यावी. मंडळाकडे दप्तर येतें तें घरच्या कोणीतरी तें जपलें म्हणूनच.