भरवसा आणि बाहेरची वाट : संगणकाच्या निमित्ताने प्रामाण्यविचार



तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तरानं संगणकाच्या भानगडीत कशाला पडावं, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. मी पडलो नाही, पाडला गेलो. गेल्या पावसाळ्यात डोणगावच्या घरी माझा संगणक रात्री आपणहून अद्ययावत झाला आणि सकाळी सुरूच होईना. दुरुस्तीला आलेला जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, काहीच होऊन नाही राह्यलं. फॉरमॅट मारा लागते."

मारलं. फाइली वाचल्या, पण अक्षरं गेली. वीस वर्षांची टिपणं उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कडबा! त्या ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव मी घेत नाही, कारण दोष एकट्या तिचा नाही, तो माझ्या भरवशाचाही आहे. आज चिकित्सा करायची ती या भरवशाची.

आपल्याकडे हा वाद जुना आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. बाधा येईपर्यंत शंका घेऊ नये. नैयायिक म्हणतात, थांबा. दुरून पाणी दिसलं म्हणजे पाणी आहे असं नव्हे. जवळ गेलात, तहान भागली, मग ते ज्ञान खरं. म्हणजे प्रामाण्य परतः. संगणकापुढे आपण सगळे मीमांसक असतो. तो बंद पडला की एका सकाळीत नैयायिक होतो. पण तोवर उशीर झालेला असतो.

हे माझ्या एकट्याचं नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अद्यतन गेलं आणि विंडोजवरचे सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. हा आकडा मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाचा. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. चूक विंडोजची नव्हती, दुसऱ्याच कंपनीची होती. पण ते सॉफ्टवेअर प्रणालीच्या गाभ्यात बसलेलं, म्हणून सगळं घरच खाली आलं. राखणदार देवघरात झोपायला ठेवला की असं होतं.

मग पर्याय? लोक म्हणतात, लिनक्स घ्या. लिनस तोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेलं काम. कोड सगळ्यांसाठी खुला. आता मला तो कोड वाचता येतो का? नाही. म्हणजे इथंही शब्दप्रमाणच! फरक आहे तो आप्त कोण, यात. आप्त म्हणजे ज्याला वस्तू ठाऊक आहे आणि जी जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. बंद प्रणालीत जाणणारा आणि विकणारा एकच. खुल्या प्रणालीत विकण्याशी संबंध नसलेला तिसरा माणूसही तपासू शकतो.

याचा दाखला मार्च २०२४ चा. लिनक्समध्ये वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड नावाच्या छोट्या साधनात कोणीतरी चोरवाट घातली होती. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेतून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं ती पकडली. गंमत म्हणजे ते नोकरीला होते मायक्रोसॉफ्टमध्ये. खुलेपणामुळे चोर आत शिरला हे खरं. खुलेपणामुळेच तो सापडला हेही खरं.

पण भक्तांनी टाळ्या पिटू नयेत. लिनक्सचा प्रिंटर कधी कधी रुसतो. हिशेबाची आपली नेहमीची सॉफ्टवेअरं तिथं सरळ चालत नाहीत. आणि खेड्यात ती दुरुस्त करणारा माणूस शोधावा लागतो. केरळच्या सरकारी शाळांनी ती स्वीकारली, ती शिक्षकांना प्रशिक्षण देऊन. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत. ते बघून मी शिकतो आहे. पेनड्राइव्हवरून लिनक्स आधी चालवून बघता येतं, जुनं काही न पुसता. नैयायिकाला आणखी काय पाहिजे?

आता माझ्या टिपणांकडे येतो. ती बिघडली ती प्रणालीमुळे नव्हे. जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असायचं. फॉन्ट गेला की मराठी गेली. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे. मी आळसानं जुन्यालाच चिकटून राहिलो. म्हणजे मी ज्या घरात राहत होतो, त्याला दुसरं दार आहे का, हे कधी पाहिलंच नाही.

म्हणून "कोणती प्रणाली कधीच बंद पडत नाही?" हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. बंद सगळ्याच पडतात. विचारायचं ते हे, की ती बंद पडली तर माझा मजकूर घेऊन मला बाहेर पडता येईल का? नाही म्हणणाऱ्या प्रणालीत राहणं म्हणजे भरवसा नव्हे, नाइलाज आहे.

माझी तीन टिपणं रूपांतर होऊन युनिकोडमध्ये आली आहेत. जोडाक्षरं चुकलेली आहेत, रोज एक पान दुरुस्त करतो. वय पाहता सगळी होतील असं नाही. तुमची मात्र आजच होतील. घरी गेल्यावर एक जुनी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून बघा, एवढंच सांगतो.