परोपकार आणि सहकार : दोन शब्दांतील अर्थविचार

ॲडम स्मिथने १७७६ च्या ग्रंथात बाजारातील व्यवहाराचे मूळ स्वहितात शोधले. परंतु त्याच्याच १७५९ च्या नीतिविषयक ग्रंथाचा आरंभ माणसाच्या सहानुभूतीपासून होतो. पुढील अर्थशास्त्राच्या मुख्य प्रवाहाने पहिल्या ग्रंथातील माणूस तेवढा उचलला आणि परोपकाराला अपवाद ठरविले. सहकारी चळवळीविषयीच्या मराठी लेखनानेही हीच विभागणी नकळत स्वीकारली आहे. म्हणूनच त्यात ‘त्याग’ व ‘सेवा’ हे शब्द इतक्या सढळपणे येतात.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील लोणीचे उदाहरण या वर्णनात बसत नाही. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला तेथील सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष होते. भाग घेणारा शेतकरी दाता नव्हता. उसाला भाव मिळावा ही त्याची उघड अपेक्षा होती. तरीही कारखाना उभा राहण्यापूर्वीच त्याने भागभांडवल दिले आणि भाग कितीही असले तरी मत एकच, हे सहकाराचे तत्त्व मान्य केले. हे केवळ दूरदर्शी स्वहित होय, असे म्हणता येईल; पण मग लहान भागधारकाला आपल्या बरोबरीचे मत देण्याचे स्पष्टीकरण अपुरे राहते. स्वार्थ येथे लोपला नाही. तो इतरांच्या स्वार्थाशी बांधला गेला.

शब्दांची घडण हाच भेद दाखविते. ‘परोपकारा’त एक देणारा आणि एक ‘पर’ असतो. उपकाराचे ओझे घेणाऱ्यावर राहते. ‘सहकारा’त कर्ते अनेक असतात आणि ‘पर’ उरत नाही. मात्र ‘सह’मध्ये कोणाचा समावेश होतो, हे शब्द सांगत नाही, ते सभासदांची यादी सांगते.

पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांचा ऊस तोडणारी कुटुंबे बीडमधून, तशीच याच जिल्ह्यातील पाथर्डीतूनही येतात. ती सहसा सभासद नसतात; मुकादमाकडून घेतलेल्या उचलीने बांधलेली असतात. नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसांची गणना एका हत्याराच्या नावाने होते. त्यांच्या मुलांची शाळा आणि आजारपणातील औषध या गोष्टी मग हिशेबातून निघून परोपकाराच्या खात्यात जातात.

तेव्हा माणूस स्वार्थी की परार्थी, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाचे हित आपल्या हिशेबात धरले जाते आणि कोणाचे केवळ दयेवर सोडले जाते, हे अर्थशास्त्राने विचारले पाहिजे.