समरूप त्रिकोणांचे अध्यापन : कृती आणि उक्ती

भूमिती हाताने शिकवावी, हे मत आता फारसे वादाचे राहिलेले नाही. पुठ्ठ्याचे त्रिकोण कापणे, त्यांचे कोन एकमेकांवर ठेवून पाहणे, मैदानात काठी रोवून तिच्या छायेवरून वृक्षाची उंची काढणे, या कृतींनी समरूपतेचा पाठ सजीव होतो यात संशय नाही. आपल्याकडे छायेचे गणित जुनेच आहे, भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) छायाव्यवहाराला स्वतंत्र स्थान आहे. तथापि कृतीतून संकल्पना नेमकी केव्हा सिद्ध होते, या प्रश्नाकडे कृतिवाद्यांचे दुर्लक्ष होते.

एक साधे उदाहरण घ्यावे. विद्यार्थ्यांना ४, ५ व ६ सें. मी. बाजूंचा त्रिकोण देऊन 'याच आकाराचा मोठा त्रिकोण करा, लहान बाजू ६ सें. मी. ठेवा' असे सांगितले, तर काही विद्यार्थी प्रत्येक बाजूत दोन मिळवून ६, ७ व ८ असा त्रिकोण कापतात. मूळ त्रिकोणाचा सर्वांत मोठा कोन सुमारे ८३ अंशांचा, तर या नव्या त्रिकोणाचा सुमारे साडेपंचाहत्तर अंशांचा असतो. ६, ७.५ व ९ या बाजू घेतल्या, तर कोन तसाच राहतो. कोनमापक ही तफावत दाखवितो. परंतु तिचे कारण सांगत नाही. 'कापताना चूक झाली' असे म्हणून विद्यार्थी मोकळा होऊ शकतो.

कारण उलगडते ते भाषेत. 'दोनने मोठी' आणि 'दीडपट' या दोन प्रयोगांत मराठीने बेरजेचा व गुणाकाराचा संबंध स्पष्टपणे वेगळा केला आहे. पहिल्यात तृतीयेचा प्रत्यय अंतर दाखवितो. दुसऱ्यात 'पट' हे पद गुणोत्तर दाखविते. सव्वापट, दीडपट, अडीचपट हे शब्द तर घरच्या व बाजारच्या बोलीतले आहेत. शिक्षकाच्या 'मोठा करा' या आज्ञेत मात्र हा भेद लोपतो. विद्यार्थ्याची चूक पुष्कळदा या संदिग्ध आज्ञेतच बीजरूपाने असते.

१९५७ साली उत्रेख्त विद्यापीठात पिएर व्हान हीले व दीना व्हान हीले-गेल्डोफ या दांपत्याने भूमितीच्या अध्यापनावर प्रबंध सादर केले. आकलनाच्या प्रत्येक पातळीची स्वतःची भाषा असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यांनी सांगितलेल्या पाच अध्यापन-अवस्थांपैकी तिसरी अवस्था शब्दांकनाची : हाताने जे अनुभवले, ते विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत मांडावयाचे. मोजमापांचा तक्ता भरला की लगेच नियम फळ्यावर उतरवून देणारा पाठ हीच अवस्था वगळतो. असा पाठ बाह्यतः कृतिप्रधान, परंतु अंतर्यामी घोकंपट्टीचाच असतो.

परिभाषेचाही विचार अगत्याचा आहे. 'समभुज' या शब्दात 'सम' म्हणजे समान लांबीचा. 'समरूप' शब्दात लांबीच्या समानतेची अपेक्षाच नाही. शिवाय 'बाकोबा' हे एकच नाव एकरूपतेच्या व समरूपतेच्या, अशा दोन्ही कसोट्यांना आहे. पहिल्या ठिकाणी 'बा' म्हणजे समान बाजू, दुसऱ्या ठिकाणी प्रमाणात असलेल्या बाजू. हा अर्थभेद उच्चारून दाखविला नाही, तर विद्यार्थी नाव पाठ करतो आणि अर्थ मात्र जुनाच वापरतो.

मोजमाप म्हणजे सिद्धता नव्हे, हेही विसरता कामा नये. समान कोनांच्या त्रिकोणांच्या बाजू प्रमाणात असतात, हे युक्लिडच्या सहाव्या ग्रंथातील चौथे प्रमेय शेकडो पुठ्ठे कापूनही सिद्ध होत नाही. फार तर त्याविषयी विश्वास उत्पन्न होतो. तो विश्वास तर्काच्या वाटेला लावण्याचे कार्य वाक्याचे आहे. म्हणून कृतीचा तास आखताना कात्री व पुठ्ठा यांच्याइतकाच वेळ विद्यार्थ्याच्या वाक्यासाठी राखून ठेवणे अवश्य आहे. 'प्रत्येक बाजू दीडपट झाली, म्हणून कोन तेच राहिले' हे वाक्य त्याच्या स्वतःच्या तोंडून आले, तरच त्याच्या हातातील पुठ्ठा भूमितीचा विषय झाला असे म्हणता येईल.