गाणारे यान आणि ऐकणारी उहुरा

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. १९८०च्या दशकात ती दूरदर्शनवरही दाखवली गेली. ती पाहणारी त्या वेळची मुले आज अनेक शाळांत विज्ञान शिकवीत आहेत. या मूळ मालिकेला पुढे बऱ्याच शाखा फुटल्या. त्यांपैकी ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या शाखेच्या दुसऱ्या पर्वातील नववा भाग ३ ऑगस्ट २०२३ रोजी प्रसृत झाला. त्याचे नाव ‘सबस्पेस ऱ्हॅप्सडी’. या भागात एंटरप्राइज यानावरची सगळी मंडळी बोलता बोलता गाऊ लागतात आणि त्यांना थांबता येत नाही. स्टार ट्रेकमधला हा पहिलाच पूर्ण संगीत भाग होता, आणि त्यावरून चाहत्यांत सरळ दोन तट पडले.

एका तटाचे म्हणणे असे की ही गंभीर विज्ञानकथेची थट्टा आहे. यानाचा विज्ञान अधिकारी स्पॉक, ज्याची ख्यातीच भावना आवरण्याबद्दल आहे, तो यंत्रणांचा अहवाल गाऊन देतो! शेवटी तर लढाऊ क्लिंगॉनही नाचतात. दुसरा तट म्हणतो, मालिकेने विनोदाचे वावडे कधी मानले नव्हते. १९६६ साली पहिल्याच पर्वात निशेल निकोल्स यांची उहुरा गायली होती आणि स्पॉकने तिला तंतुवाद्याची साथ केली होती. मग आताच एवढा गहजब का?

मराठी वाचकाला हा वाद ओळखीचा वाटेल. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले, आणि पुढे कितीतरी वर्षे राजा, ऋषी, दासी सगळेच पदे गात राहिले. माणसे खरोखर अशी गातात का, ही शंका हळूहळू बळावली. १९३३ सालच्या ‘आंधळ्यांची शाळा’ने पदे मोजकीच ठेवून वास्तवाकडे पाऊल टाकले. सीमेवरच्या आमच्या दुधनीसारख्या गावात, जिथे मराठीइतकीच कन्नड कानावर पडते, रात्रभर चालणाऱ्या बयलाटातील गाण्याबद्दल अशी शंका कोणी काढत नाही. गाणे हा तिथला ठरलेला संकेत आहे. पात्र गाते, पण आपण गातो आहोत हे त्या पात्राच्या गावीही नसते.

‘सबस्पेस ऱ्हॅप्सडी’त नेमके उलटे घडते, आणि दोन्ही तटांच्या भांडणात हीच गोष्ट बाजूला राहिली. इथे पात्रांना कळते की आपण गातो आहोत. ती दचकतात, ओशाळतात आणि विचारतात, हे का होते आहे? संकेत म्हणून जे प्रेक्षकाने मुकाट्याने मान्य करायचे, तेच इथे निरीक्षणाचा विषय होते. माझ्या मते या भागाचे खरे मोल एवढ्या एका युक्तीत आहे.

कथा थोडक्यात अशी. अवकाशात एक नैसर्गिक ‘घडी’ सापडते. तिचा उपयोग करून दूरवरचे संदेश अधिक वेगाने पाठवता येतील का, याचा प्रयोग चालू असतो. संदेश काही केल्या जात नाही. मग संदेशवहन अधिकारी उहुरा, एका सहकाऱ्याच्या सूचनेवरून, त्या घडीत एक जुने गाणे सोडते. उलटून येणारी लाट यानाला वेढते आणि गाणी सुरू होतात. कप्तान पाइकचा खासगी तंटा सर्वांसमक्ष पडद्यावर गायला जातो. सुरक्षा अधिकारी लाआन हिला चिंता पडते की मनातली गुपिते अशी बाहेर पडू लागली तर यानाची सुरक्षितता काय राहणार. (आपल्या शिक्षक-कक्षात हे क्षेत्र पसरले तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.) घडी उडवून द्यावी तर महाभयंकर स्फोटाचा धोका.

यातून वाट काढते ती उहुरा, आणि तिची वाट पाहण्यासारखी आहे. ती आधी नुसती ऐकते. कोण केव्हा गायला लागला, त्याआधी काय घडले, याच्या नोंदी ताडून पाहते. तिला दिसते की शब्द अपुरे पडावेत इतकी भावना दाटली की गाणे फुटते, एरवी नाही. नियम हाती लागल्यावर ती त्यावरून भाकीत करते: एकेकट्याची गाणी पुरणार नाहीत, सगळ्यांनी मिळून एकच गाणे गायले तर क्षेत्राची ऊर्जा हव्या त्या टोकाला जाईल आणि घडी तुटेल. मग ती ते करून पाहते. निरीक्षण, नियम, भाकीत, पडताळा. आठवीच्या पुस्तकात हे चार शब्द आपण फळ्यावर लिहितो आणि मुले ते पाठ करतात. इथे ते एका घाबरलेल्या यानावर घडताना दिसतात. कल्पना अशक्य असली तरी ती मान्य केल्यावर पुढचा तपास शिस्तीने होतो. जयंत नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तेव्हापासून आपल्याकडे विज्ञानकथेत विज्ञान किती असावे ही चर्चा चालू आहे. त्या चर्चेत मी नेहमी तपासाला वैज्ञानिक तपशिलापेक्षा जास्त गुण देत आलो आहे.

पण याच भागात एक खोट आहे, आणि शिक्षकाने ती सोडून देऊ नये. गाण्याचे कारण म्हणून कथेत क्वांटम अनिश्चिततेचा हवाला दिला आहे. म्हणे, एका वेगळ्या वास्तवाशी, जिथे माणसे संगीतिकेप्रमाणे गातात, यान गुंतून गेले. हा भाग पाहून दुधनीत अकरावीतल्या दोन मुलांचा वाद झाला. एकाने सगळे खोटे म्हणून उडवून लावले. दुसरा म्हणाला, “क्वांटममध्ये काहीही होऊ शकतं, सर.” मला पहिल्यापेक्षा दुसऱ्याची काळजी वाटली. हायझेनबर्गने १९२७ साली मांडलेले तत्त्व काहीही होऊ शकते असे सांगत नाही. कणाचे स्थान आणि संवेग ही जोडी एकाच वेळी किती अचूक असू शकते याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा प्लांकच्या स्थिरांकाने काटेकोर ठरवली आहे. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत ती मर्यादा जाणवते, क्रिकेटच्या चेंडूच्या बाबतीत मोजताही येणार नाही इतकी ती सूक्ष्म असते. पुंजभौतिकी हे अत्यंत नेमके आकडे देणारे शास्त्र आहे. त्याचे नाव घेऊन गंडे, पाणी आणि ‘ऊर्जा’ विकणारे आज गावोगाव आहेत, आणि त्यांचाही धंदा याच वाक्यावर चालतो. उहुराने नियम शोधला हे खरे. पण मनातल्या भावनेची अवकाशातल्या क्षेत्राला ऊर्जा कशी मिळाली, हा प्रश्न यानावरच्या एकाही शास्त्रज्ञाला पडत नाही. चाहत्यांनी क्लिंगॉनांच्या नाचावर इतके रण माजवले, या फटीवर फार थोडे बोलले.

दुसरी फट संदेशाची. अवकाशात गाणे सोडण्याचा प्रसंग खरोखर येऊन गेला आहे. १९७७ साली २० ऑगस्टला व्हॉयेजर २ आणि ५ सप्टेंबरला व्हॉयेजर १ निघाले, तेव्हा दोघांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी होती. तीत गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवी आहे, आणि ५५ भाषांतल्या अभिवादनांत मराठी आहे, कन्नडही आहे. म्हणजे दुधनीच्या बाजारात ज्या दोन भाषांत भाव होतो, त्या दोन्ही सूर्यमालेच्या पार निघाल्या आहेत. व्हॉयेजर १कडे रेडिओ संदेश एका बाजूने पोचायला आता २३ तासांहून अधिक वेळ लागतो. एंटरप्राइजला घडीचा मोह का पडला, ते यावरून कळावे.

तबकडी करणाऱ्यांनी मात्र नुसते गाणे सोडले नाही. ऐकणाऱ्याला वाजवता कसे येईल, याचा त्यांनी विचार केला. सोबत सुई ठेवली आणि वेष्टनावर आकृत्या कोरल्या. तबकडीचा एक फेरा ३.६ सेकंदांत व्हायला हवा. पण सेकंद म्हणजे काय, हे परक्याला कसे सांगणार? त्यांनी हायड्रोजनचा आधार घेतला, कारण तो सगळीकडे सारखाच आहे. त्याच्या अणूतील एका विशिष्ट बदलातून निघणाऱ्या लहरीचे एक कंपन सुमारे ०.७ अब्जांश सेकंदाचे असते, आणि वेष्टनावर फेऱ्याचा काळ त्या एककात दिला आहे. वर्गात हे गणित करायला द्या: ३.६ सेकंदांत अशी किती एकके बसतील? उत्तर ५ अब्जांच्या थोडे वर येते. वेष्टनावर ती संख्या दोनच चिन्हांत, उभ्या आणि आडव्या रेघांनी, द्विमान पद्धतीने कोरलेली आहे.