नटाची पुण्याई आणि राजकोषाची पत

नटाच्या पक्षप्रवेशाने पक्षाच्या अर्थनीतीस विश्वासार्हता लाभते काय, हा प्रश्न बीड जिल्ह्याच्या संदर्भात विचारणीय ठरतो. बीडनजीक पालवणच्या माळरानावर ‘सह्याद्री देवराई’ उभारण्यात पुढाकार घेणारे व २०२० साली तेथे वृक्षसंमेलन भरविणारे नट सयाजी शिंदे ऑक्टोबर २०२४ मध्ये अजित पवारांच्या राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात दाखल झाले. पवारांकडे तेव्हा राज्याचे अर्थखाते होते आणि शिस्तीचा कारभारी हा त्यांचा लौकिक होता. तथापि त्याच वर्षी, विधानसभा निवडणुकीपूर्वी, मासिक १५०० रुपयांची ‘लाडकी बहीण’ योजना आली. तिचा वार्षिक भार सुमारे ४६ हजार कोटी रुपये अंदाजिला गेला. पुढे २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ४५,८९१ कोटींची महसुली तूट दाखवावी लागली.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबास या रकमेचे मोल मोठे, हे नाकारता येत नाही. आक्षेप मदतीस नसून, तूट वाढत असता काटकसरीचा लौकिक मिरविण्यास आहे. जगलेली झाडे मोजता येतात, तशी तूटही मोजता येते. परंतु पहिल्या हिशेबात मिळविलेली पत दुसऱ्या खात्यावर वर्ग करता येत नाही.