आरशात पाहणारे गणित

सारा मोरिदपूर, माजिद सर्वी, जेफ रोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2012 चा एक शोधनिबंध आहे: फ्रीवेवर अवजड वाहनांचे चालक लेन बदलायचे कसे ठरवतात, याचे मॉडेल. मी तो व्यक्तिचित्रासारखा वाचतो.

त्यातली माहिती कॅलिफोर्नियातली. 2005 साली उंच इमारतींवर कॅमेरे लावून आय-80 आणि यूएस-101 या रस्त्यांचे काहीशे मीटरचे तुकडे टिपले होते. प्रत्येक वाहन कुठे आहे याची नोंद दर 0.1 सेकंदाला.

निबंधाची खरी गोडी एका निवडीत आहे. लेन बदलणे ही एकच कृती न मानता लेखकांनी तिचे दोन निर्णय केले. वेगवान लेनकडे जाऊ पाहणारा ट्रकवाला वेग जोखतो: पुढचा रेंगाळतोय का, शेजारच्या लेनमध्ये मागून येणारा किती जोरात आहे. संथ लेनकडे (अमेरिकेत ती उजवीकडची) वळताना मात्र तो अंतरे पाहतो, आणि त्यात पाठीमागचे अंतरही येते. पहिल्या वेळी त्याला स्वतःचा वेग वाढवायचा असतो. दुसऱ्या वेळी मागून भरधाव येणाऱ्यांची वाट अडू नये एवढेच; हे एक प्रकारचे सौजन्य. लेन बदलण्याच्या 2007 मधल्या ‘मोबिल’ या गाजलेल्या नियमातही सौजन्य आहे, पण तिथे तो एक गुणांक आहे, कमी-जास्त करता येणारा. इथे सौजन्याला दिशा मिळाली.

अंतर आणि वेग मोजायला लेखकांनी फझी लॉजिक घेतले, हेही मला पटते. चालत्या ट्रकमधून कुणी मीटर मोजत नाही. ‘जागा थोडी आहे’, ‘बरी आहे’, ‘भरपूर आहे’ एवढ्यावर स्टिअरिंग वळते, आणि या पायऱ्यांच्या कडा एकमेकींत मिसळलेल्या असतात.

याच लेखकांच्या 2010 च्या निबंधातले एक निरीक्षण इथे जोडून वाचावे: लेन बदलताना कारवाले आजूबाजूच्या वाहनांप्रमाणे वेग कमी-जास्त करतात, अवजड वाहन मात्र जवळजवळ त्याच वेगाने सरकते. अर्थात, माल लादलेल्या ट्रकला चटकन वेग घेता येतोच कुठे! त्याला सगळा विचार आधीच उरकावा लागतो.

एक शंका उरते. कॅलिफोर्नियात तीन वा अधिक आसांच्या ट्रकना ताशी 55 मैलांची मर्यादा आहे आणि उजवीकडच्या लेनमध्ये राहण्याचा कायदाही आहे. मग ज्याला आपण सौजन्य म्हणतो, ती दंडाची धास्ती तर नव्हे? वरच्या कॅमेऱ्याला वाहनाचा माग दिसतो, चालकाचा हेतू नाही. तरी मी मॉडेलच्या बाजूने बोलेन. कोणत्या लेनमध्ये राहायचे ते कायदा सांगतो, नेमके कोणत्या क्षणी वळायचे ते नाही. आणि त्या क्षणाचा संबंध मागच्या अंतराशी आहे, हे या मॉडेलने ओळखले.