शारदा सदन आणि बोस्टनचे दाते : ‘तटस्थता’ या अटीची चिकित्सा

प्रास्ताविक :

स्वयंसेवी संस्था आणि त्यांना अर्थसाहाय्य करणारे दाते यांच्या संबंधांविषयी जे लेखन होते, त्याचा भर बहुधा प्रस्ताव कसा लिहावा, अहवाल केव्हा पाठवावा, दात्याशी संपर्क कसा ठेवावा अशा व्यवहारांवर असतो. हे सारे आवश्यकच आहे. ज्या प्राध्यापकांनी लघुशोधप्रकल्पाचे उपयोगिता प्रमाणपत्र एकदा तरी भरले आहे, त्यांना त्याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. तथापि, संबंध मुळापासून तुटतात तेव्हा कारण बऱ्याचदा वेगळे असते. अटीतील जो शब्द सर्वांनी बिनदिक्कत मान्य केलेला असतो, त्याचा अर्थच प्रत्येकाने निराळा घेतलेला असतो. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. १८९३ च्या वादाची चर्चा आजवर प्रामुख्याने धर्मांतराच्या अंगाने झाली. प्रस्तुत लेखात तिचा विचार दाता आणि संस्था यांच्यातील कराराच्या अंगाने केला आहे.

दहा वर्षांचे वचन :

आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियास गेल्या आणि १८८८ च्या अखेरीपर्यंत अमेरिकेत राहिल्या. १८८७ मध्ये त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक निघाले. त्याच्या विक्रीतून नियोजित विधवागृहासाठी पैसा उभा राहिला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि ठिकठिकाणी वर्गणी गोळा करणारी ‘रमाबाई मंडळे’ उभी राहिली. असोसिएशनने सदनाच्या खर्चाचा भार दहा वर्षांसाठी उचलण्याचे मान्य केले. आज एक ते तीन वर्षांच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थांना या मुदतीचा हेवा वाटावा. संस्था रुजायला किती काळ लागतो, याची जाण त्या दात्यांना होती, हे नमूद केले पाहिजे. रमाबाईंनीही हा संबंध याचनेच्या पातळीवर ठेवला नाही. १८८९ च्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात अमेरिकन स्त्रियांच्या संघटित कार्याविषयीचा त्यांचा आदर स्पष्ट दिसतो. ज्यांच्याकडून पैसा घेतला, त्यांच्या कार्यपद्धतीचा अभ्यास करून तो मराठी वाचकांपुढे ठेवणारी लेखिका येथे भेटते. अशी उदाहरणे आपल्याकडे फारशी नाहीत.

एका शब्दाचे दोन अर्थ :

सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, ही अट सुरुवातीपासून सर्वांना मान्य होती. पण बोस्टनला तिची गरज का भासली? असोसिएशनचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मोपदेशक होते, तर इतर आधारस्तंभ वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांचे होते. कोणत्याही एका पंथाची शिकवण सदनात दिली गेली असती, तर दात्यांमध्येच फूट पडली असती. त्यामुळे बोस्टनच्या दृष्टीने तटस्थता म्हणजे धर्मशिक्षणाचा अभाव आणि विवेकाचे स्वातंत्र्य असे मानण्यास जागा आहे. मुलीने आपला धर्म पाळावा, तसेच वाटल्यास बायबलही वाचावे, यात त्यांना विसंगती दिसत नव्हती. पुण्याच्या सल्लागारांनी मात्र ती अट हिंदू पालकांना दिलेली हमी म्हणून वाचली. मुलगी सदनात जशी जाईल, तशीच बाहेर येईल, हा त्यांच्या लेखी तटस्थतेचा अर्थ होता.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले सदन १८९० मध्ये पुण्यास आले आणि हे दोन अर्थ समोरासमोर उभे राहिले. रमाबाई आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत, काही मुली तेथे येऊन बसत. बोस्टनच्या अर्थाने येथे अटीचा भंग नव्हता; पुण्याच्या अर्थाने मात्र तो उघड होता. ‘केसरी’ने टीका तीव्र केली. १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. असोसिएशनच्या जुडिथ अँड्र्यूज चौकशीसाठी बोस्टनहून पुण्यास आल्या, परंतु तोवर वाद पेटलेला होता. असोसिएशन रमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले.

येथे एक विलक्षण गोष्ट लक्षात येते. हजारो मैलांवरचा, पैसा देणारा दाता टिकला आणि त्याच शहरात राहणारे सल्लागार गेले. या सल्लागारांचे खरे दान विश्वास हे होते, कारण पालकांनी आपल्या मुली त्यांच्या शब्दावर पाठविल्या होत्या. बोस्टनचा हिशेब नीट ठेवला गेला. या दुसऱ्या दानाचा हिशेब मात्र कोठेच मांडला गेला नाही. दोष एकट्या रमाबाईंवर टाकणे अन्यायाचे होईल. त्या ख्रिस्ती आहेत, हे सल्लागारांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते आणि उघड्या दारात लपविण्यासारखे काही नव्हते. असोसिएशनची चूक अधिक गंभीर वाटते. अट त्यांची होती, तिचा अर्थ स्थानिक मंडळाशी बसून ठरविणे हेही त्यांचेच काम होते. परकीय देणगीविषयक कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली. ती जाचक असेल, पण वीस टक्के म्हणजे किती याविषयी मतभेद होत नाही. ‘तटस्थता’, ‘सक्षमीकरण’, ‘लोकसहभाग’ या शब्दांना अशी मोजपट्टी नाही.

हिंगण्याचा मार्ग :

शारदा सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्येच विवाह केला. तीन वर्षांनी त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा त्याच्या मंडळाचे अध्यक्षपद डॉ. भांडारकरांनी स्वीकारले. सदनातून बाहेर पडलेला विश्वास असा दुसऱ्या संस्थेकडे वळला. कर्व्यांनी पैसा गावोगाव हिंडून, लहानमोठ्या वर्गण्यांतून जमविला. हिंगण्याची जागाही स्थानिक दात्याकडूनच मिळाली. पण या विश्वासाची किंमत द्यावी लागली. पुनर्विवाहाचा पुरस्कार आश्रमाच्या कार्यातून दूर ठेवण्यात आला. ज्या संस्थापकाने स्वतः विधवेशी विवाह केला, त्याच्या संस्थेने त्या प्रश्नाविषयी अबोल राहावे, हे दात्यांच्या मर्यादेचे भान म्हणायचे की त्यांच्यापुढील माघार? कर्व्यांच्या चरित्रकारांचा कल पहिल्या उत्तराकडे असतो. दुसऱ्याचा विचारही व्हायला हवा. अटींच्या अर्थाचा प्रश्न पुढेही त्यांची पाठ सोडणार नव्हता. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महिला विद्यापीठाला १५ लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. दाता निवर्तल्यानंतर मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांशी अटींवरून वाद उद्भवला. विद्यापीठाचे मुख्य कार्यालय १९३६ मध्ये मुंबईस हलले.

रमाबाईंनी वेगळी वाट धरली. दहा वर्षांची मुदत संपताच १८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या आणि असोसिएशनची पुनर्रचना झाली. केडगावच्या मुक्तीमध्ये तटस्थतेची अट उरली नव्हती. तेथील दात्यांना आणि रमाबाईंना अभिप्रेत असलेला अर्थ आता एकच होता. मात्र ज्या पुणेरी घरांतील मुलींसाठी शारदा सदन काढले होते, त्या घरांतून आता मुली येत नव्हत्या. आणि ज्यांच्यावरून हा सारा वाद झाला, त्या मुलींना तटस्थतेचा अर्थ कोणीच विचारला नव्हता. गोदूबाई सदनात काही वर्षे राहिल्या, रमाबाईंविषयी कृतज्ञ राहिल्या आणि हिंदूही राहिल्या.